आईला ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डी३ची पुडी लिहून दिली आहे. ती रोज द्यायची का?

रोज अजिबात देऊ नका. एवढा मोठा डोस सहसा आठवड्यातून एकदाच असतो, बहुतेकदा ८ आठवडे. पुढचं डॉक्टर ठरवतात. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसेल तर दवाखान्यात फोन करून विचारा, अंदाजाने देऊ नका.

घोळ नेमका इथेच होतो. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते. पण हे जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत साठून राहतं, 'सी'सारखं लघवीवाटे निघून जात नाही. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, लघवीला वारंवार जाणं, कधी माणूस गोंधळल्यासारखा वागतो. किडनीलाही इजा होऊ शकते. असं काही दिसलं तर पुडी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आमच्याकडे सासूबाईंसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारांना लाल गोल केले होते. जेवण झालं, पुडी दुधात ढवळून दिली, की गोलावर फुली. एखादा रविवार चुकला तर आठवेल तेव्हा द्या, पण दोन पुड्या एकदम नकोत.

कॅल्शियमच्या गोळीतही बऱ्याचदा डी३ असतं, पाकीट उलटून बघा. आईंना मुतखडा, किडनीचा त्रास असेल, किंवा हृदयासाठीची डिगॉक्सिन ही गोळी अथवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पहिल्या पुडीआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.