वाचक विचारतात : घरगुती कॉम्प्युटरांतून येणारा स्पॅम

प्रश्न : देवगडला आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, पोस्टफिक्स या प्रोग्रामवर चालतो. रोज ढिगाने स्पॅम येतो आणि दरवेळी पाठवणाऱ्याचा आयपी (नेटवरचा पत्ता) वेगळा. एकेक आयपी ब्लॉक करून कंटाळलो. मजकुरातले शब्द बघून गाळावं का? हंगामात एकही ऑर्डर हुकून चालणार नाही.

उत्तर : आयपी मोजून ब्लॉक करणं सोडा. व्हायरस शिरलेले घरगुती कॉम्प्युटर हा मेल पाठवतात, ते संपणारे नाहीत. शब्दांची चाळणीही शेवटची. 'ऑफर' आणि 'पेमेंट' तुमच्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्येही असणारच.

चोर दारातच ओळखता येतो. घरच्या ब्रॉडबँडवरच्या कॉम्प्युटरने तुमच्या पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) थेट यायचं कारणच नाही. खरा मेल त्याच्या सेवेच्या सर्व्हरमार्फत येतो. म्हणून स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची 'झेन' यादी लावा. मेल आला की तुमचा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी डीएनएसमार्फत (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) या यादीला विचारतो आणि यादी कोडने उत्तर देते. उत्तर १२७.०.०.१० किंवा ११ म्हणजे घरगुती पट्ट्यातला आयपी (पीबीएल), शेवटी ४ ते ७ म्हणजे बाधित मशीन (एक्सबीएल). फुकट वापराच्या अटी आधी वाचा, तुमची संस्था विक्री करते.

घोळ दोन जागी होतो. डीएनएसच्या चौकशीसाठी गूगलचा सार्वजनिक सर्व्हर ८.८.८.८ लावलेला असेल तर यादी १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देते, आणि 'काहीही उत्तर आलं की नाकार' असा नियम असला तर सगळाच मेल अडतो. सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम बसवा, चौकशी पुढे दुसऱ्याकडे ढकलू देऊ नका आणि नियमात १२७.०.०.२ ते ११ एवढेच कोड धरा. दुसरं, पासवर्ड देऊन आलेल्यांना परवानगी देणारी ओळ यादीच्या ओळीच्या वर हवी. खाली राहिली तर घरून मेल पाठवणारे तुमचेच सभासद अडतील.

सुरुवातीला नियमाआधी 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' लिहा. मेल अडत नाही, फक्त लॉगमध्ये नोंद पडते. आठवडाभर ती वाचून मगच खरा नियम चालू करा. दारात नाकारलेल्या मेलची खबर पाठवणाऱ्याला परत जाते, तो फोन तरी करील. स्पॅम फोल्डरात पडलेली ऑर्डर मात्र कुणी उघडून बघत नाही.

ग्रेलिस्टिंगही चालेल. अनोळखी सर्व्हरला ४५० कोड देऊन 'नंतर या' म्हणायचं. त्यासाठीचा पोस्टग्रे प्रोग्राम मुळात ३०० सेकंद थांबवतो. स्पॅम पाठवणारे प्रोग्राम बहुधा परत येत नाहीत. पण काही खरे सर्व्हरही पाव तासाने किंवा त्याहून उशिरा येतात, आणि बँकेचा ओटीपी तोवर बाद झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये ते नकोच.

प्रश्न : मालवणात आमचं होमस्टे आहे. पाहुण्याला पाठवलेला मेल 'पीबीएल'चं नाव सांगत परत आला. कॉम्प्युटर बिघडला का?

उत्तर : नाही. पीबीएल म्हणजे फक्त 'हा घरगुती आयपी आहे'. मेल प्रोग्राममध्ये पोर्ट २५ असेल, तिथे ५८७ करा आणि पाठवताना पासवर्ड मागणारा पर्याय चालू करा. 'एक्सबीएल' लिहून आलं असतं तर काळजीचं. तेव्हाही दोष शेजाऱ्याचा असू शकतो, कारण बऱ्याच कनेक्शनांवर एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. खात्रीसाठी विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कमध्ये टीसीपी जोडण्या बघा. रिमोट पोर्टच्या रकान्यात २५ च्या रांगा दिसल्या तर आधी नेट काढा, मग स्कॅन करा आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.