सगळे उभे राहिले, आम्ही तिघं बसून राहिलो

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी पिंपरीला एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, हातात २८ हजार पगार येतो. पूर्वी आम्ही नगरच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये होतो, इकडे आल्यापासून सहा वर्षं घराजवळच्या एका फेलोशिपमध्ये जातो, हॉलमध्ये उपासना होते. लोक चांगले आहेत, आई ॲडमिट होती तेव्हा रात्री दवाखान्यात बसायला आले हे मी विसरणार नाही. आई विधवा आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, औषधं, रिक्षा, वीस तारखेलाच पगार संपतो. तरी दर महिन्याला १००० रुपये न चुकता देतो. आता चर्चला स्वतःची जागा घ्यायचीये, प्रत्येक कुटुंबाने ५० हजार द्यायचे असं ठरलंय. मी पास्टरना म्हटलं जमणार नाही तर म्हणाले पर्सनल लोन काढ, विश्वासाने पाऊल टाक, देव फेडेल. गेल्या महिन्यात रविवारी संदेश झाल्यावर ते म्हणाले ज्यांनी ज्यांनी वचन दिलंय त्यांनी उभं राहा. सगळा हॉल उभा राहिला. मी, मिसेस आणि मधे आई, आम्ही तिघंच बसून. आईने माझा हात धरून उठायचा प्रयत्न केला, म्हणाली ऊठ रे, लोक बघतायत. मी नाही उठलो. नंतर ग्रुपवर यादी आली, आमच्या नावापुढे नुसती रेघ. मिसेसला क्वायरमधून थोडे दिवस थांब म्हणाले, आणि बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन मला तीन जणांनी फॉरवर्ड केलं, की मी देवाला लुटतोय. आई म्हणते माझ्या पाटल्या मोड आणि देऊन टाक. ताई, मी चुकलो का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : भाऊ, सलाम. नाही, तुम्ही चुकला नाहीत. तुमचं पत्र वाचताना आईंनी हात धरला तिथे मी थांबले, पुढचं वाचायला मला वेळ लागला. जिला देवळात हाताला धरून बसवायचं तिला लोकांच्या भीतीने उठावंसं वाटलं, ह्याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

आधी मलाखीचं बोलू कारण तोच काटा तुमच्या मनात रुतलाय. तिसऱ्या अध्यायातली आठवी आणि दहावी ओवी सगळ्यांना पाठ असते, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, भांडारात आणा, नाहीतर तुम्ही मला लुटता. आज घरी बसून तोच अध्याय पाचव्या ओवीपासून वाचा. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्यांना गांजणारे, ह्यांच्याविरुद्ध मी स्वतः साक्षीदार होईन. एकाच पानावर आहे हे, पण फॉरवर्ड करताना वरचं गळतं. आणि दशमांश होता कशाचा? धान्य, द्राक्षारस, तेल, गुरंढोरं, म्हणजे शेतात आणि गोठ्यात जे आलं त्याचा, आणि तो लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला जायचा कारण त्यांच्या वाट्याला जमीनच नव्हती. बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडा, शेवटच्या दोन ओव्या, दर तिसऱ्या वर्षी तो दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा ह्यांनी पोटभर जेवावं म्हणून. भाऊ, ज्यांच्यासाठी तो ठेवायचा त्यातली एक तुमच्या घरात कॉटवर झोपलीये. तिच्या डायलिसिसला जाणारा पैसा देवाकडून चोरलेला आहे असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर मार्क ७ मधलं कुर्बान त्यांच्यासमोर ठेवा, आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना प्रभू येशूने किती कडक शब्दांत सुनावलंय ते.

मी दशमांशाच्या विरोधात नाहीये हे पण सांगते, मी स्वतः देते आणि आनंदाने देते. पण मिस्टरांची नोकरी गेली होती ते आठ महिने आम्ही दहा-वीस रुपये टाकायचो आणि आमच्या पाळकसाहेबांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही, उलट त्यांच्या बाई एकदा ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन दारात आल्या होत्या.

आमच्या लहानपणी मंडळीत दानाची थैली फिरायची, लाल मखमलीची, लाकडी दांडीला लावलेली आणि चांगली खोल, मनगटापर्यंत हात आत जायचा. माझी आई रुमालाची गाठ सोडून नाणं काढायची, मूठ मिटून आत घालायची आणि आत गेल्यावर उघडायची. शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई पण तसंच करायच्या, मूठ मिटूनच. आठ आणे पडले की नोट पडली ते कोणालाच कळायचं नाही. मला तेव्हा वाटायचं आई नाणं लपवते, आता कळतं की ती थैली मुद्दाम तशी शिवलेली होती, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणून. तुमच्या ग्रुपवरची यादी म्हणजे ती थैली उलटी करून सगळ्यांसमोर ओतणं झालं.

आणि इमारतीसाठी लोकांच्या भीतीवर पैसा उभा करणं हे काही आज सुरू झालेलं नाही. १५१७ साली जर्मनीत पापक्षमेची पत्रं विकत होते त्यातला पैसा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला जात होता. त्यावरच मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे लिहिले, ज्यातून आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्या निघाल्या. त्यातला ४६वा मुद्दा सांगतो की ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त नाही त्याने घरापुरतं राखून ठेवलंच पाहिजे, अशा पत्रांवर उधळू नये. पाचशे वर्षांपूर्वीचं आहे पण तुमच्या वीस तारखेला तंतोतंत लागू पडतं.

लोन काढून तर मुळीच देऊ नका. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हासुद्धा २ करिंथ ८ मध्ये तो म्हणतो की मी हुकूम म्हणून सांगत नाही, आणि ज्याच्यापाशी जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. बँकेचं लोन म्हणजे तुमच्यापाशी नाही तेच की.

आता करायचं काय. पास्टरना फोन किंवा मेसेज करू नका, उपासनेनंतर घोळक्यात पण नको, आठवड्यात एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, मिसेसना सोबत घ्या. एवढंच बोला की आम्ही महिन्याला हजार देतो आणि देत राहू, ५० हजार देणार नाही, कर्ज काढणार नाही, आणि यादीतून आमचं नाव काढा. पगार किती, औषधं किती हे सांगत बसू नका, एकदा का तुम्ही कारणं मांडायला लागलात की समोरचा एकेक कारण खोडायला लागतो आणि शेवटी तुम्हीच गुन्हेगार होऊन बाहेर पडता. आवाज चढवू नका, पण मान पण खाली घालू नका. मिसेसच्या क्वायरचं त्याच बैठकीत विचारा, सरळ, की गाणं आणि वर्गणी ह्याचा संबंध काय.

हिशोब मागायला पण लाजू नका. आपल्याकडे चर्चचा सार्वजनिक ट्रस्ट असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, जमाखर्च ठेवावा लागतो. जागा कोणाच्या नावावर घेणार, ट्रस्टच्या की एखाद्या माणसाच्या, आणि पावती मिळणार का, एवढे दोनच प्रश्न विचारा. चांगल्या मनाचा पास्टर ह्याला रागावणार नाही.

चर्च सोडायचं का हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरात तो विषय निघत असणारच. मला वाटतं लगेच नको, रात्रभर दवाखान्यात बसलेली माणसं सहज मिळत नाहीत, आणि खरं सांगू का, त्या दिवशी उभे राहिलेल्यांतले निम्मे तरी मनातून तुमच्यासारखेच घाबरलेले असतील, तुमच्याकडे बघून एखाद-दोघं तुमच्याशी येऊन बोलतीलही. पण भेटून बोलल्यावरही यादी तशीच राहिली, किंवा आईंच्या आजाराचा आणि वर्गणीचा संबंध कोणी जोडला, तर त्याच आठवड्यात दुसरी मंडळी बघा, पिंपरी-चिंचवडला आहेत.

पाटल्या मोडू देऊ नका. आईंना जवळ बसवून मार्क १२ मधली विधवेची गोष्ट वाचून दाखवा, पण सुरुवात एक ओवी आधीपासून करा, विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल प्रभू काय म्हणाला तिथपासून. त्या रविवारी त्यांना शरमल्यासारखं झालंय, ते तुमच्या तोंडून वचन ऐकून कमी होईल, माझ्या उत्तराने नाही. आणि पास्टरकडे जाऊन आलात की मला चार ओळी लिहा, आईंची तब्येत कशी आहे ते पण.