शिट्टी वाजली होती, किक बाकी होती

ताई,
आम्ही वीस वर्षं अमेरिकेत आहोत. थोरली लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज प्रवेशाची १ नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन तोंडावर आलीय आणि कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंधाचा विषय ठरत नाहीये. म्हणजे तिचा ठरलाय, मला पटत नाहीये. ती शनिवारी लहान मुलांच्या सॉकर मॅचना रेफरी म्हणून जाते. मागच्या वर्षी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये एकाच्या डोक्याला बॉल लागला, तिने शिट्टी वाजवली आणि समोरच्या टीमला फ्री किक दिली. निर्णय चुकलाय हे तिला लगेच कळलं, तरी तिने तो बदलला नाही. झालं, एवढंच! घरात रोबोटिक्सची स्टेट लेव्हलची ट्रॉफी आहे, आठ वर्षं भरतनाट्यम केलंय, अरंगेत्रम झालंय. शिवाय माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले तेव्हा आम्हाला भारतात जाता आलं नाही, अंत्यदर्शन फोनवर घेतलं. त्यावर लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. मी स्वतः मसुदा करून दिला (सोबत जोडलाय). तिने तो अर्धा वाचला आणि म्हणाली, "आई, तुला लिहायचं असेल तर तू लिही." तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. आपलं भारतीयपण निबंधात दाखवावं की झाकावं, तेही कळत नाही. आयुष्याचा प्रश्न असताना तिला एका चुकलेल्या शिट्टीवर लिहू द्यायचं का?
— एक आई

प्रिय मैत्रीण,

लिहू द्या. उत्तर एवढंच आहे, पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण माझंही झालं नव्हतं. माझ्या मुलाच्या वेळी "फक्त स्पेलिंग बघते" म्हणून मी त्याचा निबंध उघडला आणि रात्री दीड वाजेपर्यंत सुधारत बसले. त्यात मी 'इनडिफॅटिगेबल' असा एक शब्द घातला होता. सकाळी त्याने तो मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, तीनदा अडखळला आणि म्हणाला, "आई, इंटरव्ह्यूला तू येणारेस ना?" तेव्हापासून या बाबतीत मी जरा गप्पच असते.

आधी ट्रॉफीचं बघू. अर्जात ॲक्टिव्हिटीजसाठी दहा जागा आहेत, प्रत्येकीच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. पुरस्कारांसाठी आणखी पाच. रोबोटिक्स तिथे बसलं, भरतनाट्यमही बसलं. मार्क ट्रान्सक्रिप्टमध्ये आहेत, शिक्षक आणि काउन्सेलर आपापली पत्रं पाठवणार आहेत. म्हणजे तुमची मुलगी किती हुशार आणि मेहनती आहे हे निबंधापर्यंत पोचण्याआधीच वाचणाऱ्याला कळलेलं असतं. तीच ट्रॉफी निबंधात पुन्हा मांडली तर त्याला नवीन काय मिळालं? कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांची ही एकच जागा आहे, जिथे मुलीचं डोकं एखाद्या गोष्टीभोवती कसं फिरतं ते दिसू शकतं.

आता शिट्टी. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, "झालं, एवढंच" म्हणालात, आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. मला सॉकरमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून भाच्याला फोन केला. तोही लहान मुलांच्या मॅच घेतो. त्याने सांगितलं की अमेरिकेत दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना डोक्याने बॉल मारायला २०१६ पासून बंदी आहे, मेंदूला इजा होऊ नये म्हणून. एखाद्या पोराने मुद्दाम हेडर केला तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक मिळते, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी. पण 'मुद्दाम' केला तरच. बॉल येऊन नुसता आदळला तर ती चूक धरत नाहीत. म्हणजे तुमच्या लेकीला त्या एका शब्दाचा निवाडा डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्या वेळात करायचा होता, आणि तो चुकला. चुकू शकतो.

पण भाच्याने पुढे जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ होऊन बसले. रेफरीला आपला निर्णय बदलता येतो, फक्त खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. किक मारली गेली की संपलं. म्हणजे शिट्टी वाजल्यापासून किक बसेपर्यंत, बॉल जागेवर ठेवायला, पोरांना मागे सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, तिला आपण चुकलोय हे माहीत होतं, निर्णय फिरवायचा अधिकारही होता. आणि ती हात वर करून तशीच उभी राहिली. इनडायरेक्ट किकची खूण तशीच असते म्हणे, दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत हात वर. ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. सोळा वर्षांची मुलगी, आपल्याच चुकीची खूण म्हणून हात वर करून, सगळ्यांसमोर.

का नाही बदलला? आईबाप बाजूने ओरडत होते म्हणून? एकदा मागे फिरलं तर पुढचा अर्धा तास कुणी ऐकणार नाही म्हणून? की मोठ्या माणसांसमोर "माझं चुकलं" म्हणायला जीभ रेटली नाही? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि मला वाटतं तिलाही अजून नीटसं माहीत नसावं. वर्ष उलटून गेलं तरी ती त्या काही सेकंदांकडे परत परत जातेय. असा विषय बाहेरून कुणी सुचवू शकत नाही. कॉमन ॲपच्या सात प्रश्नांपैकी एक अडचण किंवा अपयश याबद्दलच आहे आणि सातवा तर सरळ 'तुमच्या आवडीचा विषय' असा आहे, तेव्हा हे कुठे बसवायचं याची काळजी नको.

एक धोका मात्र आहे, आणि तो विषयात नाही, शेवटात आहे. शेवटच्या परिच्छेदात तिला "या प्रसंगातून मी नेतृत्व शिकले" असं काहीतरी लिहावंसं वाटेल. कदाचित तुम्हीच सुचवाल. कृपा करून नको. त्यापेक्षा ज्या पोराच्या डोक्याला बॉल लागला त्याचं पुढे काय झालं, ते तिला आठवतंय का बघा. तो रडला का? मॅचनंतर तिच्याशी काही बोलला का? त्यानंतरच्या शनिवारी शिट्टी तोंडाशी नेताना तिच्या मनात काय आलं? असं काही असेल तर निबंध तिथे थांबला तरी चालेल.

आता तुमच्या वडिलांचं. तुम्ही पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. पहिल्यांदा रडले, हे प्रामाणिकपणे सांगते. भावाच्या हातातला फोन कसा थरथरत होता, मधेच नेटवर्क गेलं आणि बाबांचा चेहरा स्क्रीनवर गोठला, तो हलेपर्यंत तुम्ही श्वास रोखून बसलात. दुसऱ्यांदा वाचताना मी तुमच्या मुलीला शोधत होते. मसुदा तिच्या नावाने, 'मी'ने लिहिलेला आहे, पण ती स्वतः त्यात एकाच वाक्यात येते: "मी दारात उभी होते." बाकी सगळं इथे फोन हातात धरून बसलेल्या तुम्हाला दिसलेलं आहे. दारात उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला फोनचा स्क्रीन दिसत नव्हता. तिला तुमची पाठ दिसत होती.

म्हणून "तुला लिहायचं असेल तर तू लिही" हे तिचं वाक्य मला उद्धट वाटलं नाही. ती नकळत अगदी बरोबर बोलून गेली. मरणावर लिहू नये असला कसलाही नियम नाही. उद्या तिला स्वतःहून त्या दाराबद्दल, तुमच्या पाठीबद्दल लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू दे, तो निबंध वेगळा होईल आणि तिचा असेल. त्या काळात तिच्या अभ्यासावर परिणाम झाला असेल तर ते सांगायला अर्जात वेगळी ऐच्छिक जागा आहे, तिथे चार ओळी पुरतात. पण तुमचा मसुदा फेकू नका. 'मी'च्या जागी खरोखर तुम्ही या, आणि मराठीत लिहा. साडेचार वर्षांत तुम्ही हे कुणाजवळ बोललात का, असा प्रश्न मला तो वाचताना पडला.

भारतीयपणाचं थोडक्यात: २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंश हा निकष म्हणून वापरायला बंदी केली, पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं तर ते विचारात घ्यायला मनाई नाही, असंही त्याच निकालात म्हटलंय. तेव्हा दाखवायचंही नाही आणि झाकायचंही नाही. मैदानाच्या कडेला कुणी तिच्या नावाची मोडतोड करून ओरडलं असेल आणि ते तिला बोचलं असेल तर ते येईल. नसेल तर ओढूनताणून आणू नका. अरंगेत्रमच्या घुंगरांनी सुरुवात करणारे निबंध अर्ज वाचणाऱ्यांच्या टेबलावर बरेच येत असतील असा माझा आपला अंदाज.

आणखी एक, जरा कडू. अर्ज पाठवताना तिला सही करावी लागते की यातलं सगळं माझं स्वतःचं आहे. तुम्ही लिहिलेला मसुदा तिच्या नावाने गेला तर ती पहिलीच मोठी सही खोटी होईल, आणि ती तुमच्या आग्रहाखातर. कॉलेजंही आता सावध झालीत. ड्यूक युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये निबंधांना आकडी गुण देणं बंद केलं. निबंध म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनाचा नमुना असं आता गृहीत धरता येत नाही, हे त्यामागचं कारण. एआय आहे, पैसे घेणारे कन्सल्टंट आहेत, आणि माझ्या-तुमच्यासारख्या आया आहेतच.

मग तुम्ही काय करायचं? गाडीत विचारा. समोरासमोर बसून विचारलंत तर ती मुलाखत होते, गाडीत दोघींची नजर रस्त्यावर असते. "त्या दिवशी नक्की काय झालं, मला पहिल्यापासून सांग," एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ती दहा मिनिटं न थांबता बोलली तर विषय पक्का समजा. दोन वाक्यांत आटपलं तर मात्र तिलाच म्हणा की आणखी एखादा शोध, आणि तो तिनेच शोधायचा. लिहून झालं की मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तिची जीभ अडखळेल तिथे खूण करा, दुरुस्ती तिला करू दे. तारखा, फी, कुठल्या कॉलेजचा पुरवणी निबंध राहिलाय, हे हिशेब तुम्ही ठेवा, त्यात आपण आया तरबेज असतो. आणि जिवाला फार घोर लावून घेऊ नका. एका कॉलेजला अर्ज गेल्यावरही दुसऱ्यासाठी तोच निबंध बदलता येतो.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात ट्रॉफी आहे, अरंगेत्रम आहे, पण तुम्ही तिला कधी रेफरी म्हणून मैदानावर पाहिलंत असं कुठे आलं नाही. सीझन संपायच्या आत एखाद्या शनिवारी जा. घडीची खुर्ची न्या, कडेला बसा. आणि तिचा निर्णय चुकीचा वाटला तरी ओरडू नका.

— तुमची ताई