काम देणारा पैसे मागत नसतो

सोयाबीन निघालं, हात मोकळे झाले, म्हणून मोबाईलवर जोडकाम शोधतोयस, चांगलंच आहे. फक्त रजिस्ट्रेशन, किट, ट्रेनिंग, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले की नंबर ब्लॉक कर.

सगळ्यात बेरकी प्रकार टेलिग्रामवरच्या 'टास्क'चा. हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाईक करा. सुरुवातीला दीडदोनशे रुपये खरंच खात्यात येतात, गळाला लावलेलं आमिष ते. मग 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. स्क्रीनवर आकडा फुगत जातो, काढायला गेलास की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. ग्रुपमध्ये 'मला मिळाले' म्हणणारेही त्यांचेच, बरं का.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, 'पैसे पाठवतो, पिन टाक' म्हटलं की समज, तुझेच पैसे जाणार. आणि कमिशनवर तुझं खातं वापरायला मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. चोरीचा पैसा त्यातून फिरला की पोलीस आधी तुझ्याच दारात.

गेलेच पैसे तर लाजत बसू नको, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

टाइपिंगचंच काम हवं असेल तर लातूर-नांदेडच्या डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे संगणकावर पत्रिका वगैरे छपाईसाठी तयार करणाऱ्यांकडे, विचारून बघ. दर कमी देतात, पण लग्नसराईत त्यांना माणूस लागतोच.