अणुस्फोटानंतर किरणोत्सारी धूळ कुठे आणि किती पडेल, हे कसं ठरवतात?

तुम्ही विचारलंय की फॉलआउट, म्हणजे ही किरणोत्सारी धूळ, कुठे पडणार याचा अंदाज आधी बांधता येतो का, इंटरनेटवरच्या नकाशात वाऱ्याच्या दिशेने जो सिगारसारखा पट्टा उमटतो तो कितपत खरा, आणि आपल्याकडे हे कुणी मोजतं का.

पट्टा कोणत्या बाजूला जाईल आणि साधारण किती तासांत पोहोचेल, हे बऱ्यापैकी सांगता येतं. अमुक एका गावात किती पडेल हे मात्र गणिताने सांगता येत नाही, ते तिथे जाऊन मोजावंच लागतं. माझं काम मातीतला किरणोत्सार मोजण्याचं आहे, आणि या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी बघायचं ते स्फोटाची उंची. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर फुटला. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सारी द्रव्य अतिसूक्ष्म कणांच्या रूपात वर गेलं आणि दूरवर विरळ पसरलं. जवळपास जे पडलं ते मुख्यतः पावसासोबत. हिरोशिमाच्या पश्चिमेचा कोइ-ताकासु भाग आणि नागासाकीतलं निशियामा ही त्याची दोन ठळक ठिकाणं. स्फोट जमिनीवर झाला तर चित्र पार बदलतं. हजारो टन माती वर ओढली जाते, वितळते, आणि थंड होताना किरणोत्सारी द्रव्य तिच्या कणांना चिकटतं. मग निम्म्याच्या आसपास किरणोत्सार पहिल्या दिवसभरातच खाली येतो.

तो कुठे उतरतो, ते खळ्यावरच्या उफणणीसारखं आहे: जड दाणा पायाशी, कोंडा लांब. आकडे घालून बघा. बारीक वाळूएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा कण सेकंदाला साधारण अर्धा मीटर या गतीने खाली येतो. १० किलोमीटर उंचीवरून निघाला तर जमिनीवर यायला साडेपाच तास. वाटेत वारा सरासरी ताशी ३० किलोमीटर असेल तर तो १६५ किलोमीटरवर पडेल. त्याच्या दुप्पट जाडीचा कण साठ-सत्तर किलोमीटरवरच उतरेल.

पण ‘सरासरी वारा’ म्हणजे काय, इथेच खरी मेख आहे. दोन किलोमीटरवर वारा एकीकडे, सहावर दुसरीकडे, बारावर तिसरीकडे. कण या सगळ्या थरांतून खाली येतो आणि प्रत्येक थर त्याला आपल्या दिशेने थोडा ढकलतो. १९५०च्या दशकात हवामान कचेऱ्यांत फुगे सोडून प्रत्येक थराचा वारा मोजत आणि कागदावर बाणाला बाण जोडून पट्ट्याची रेघ काढत. आज हेच काम हायस्प्लिटसारखी संगणकावरची मॉडेलं करतात, वेळेनुसार बदलणाऱ्या वाऱ्यासकट. तुम्ही पाहिलेला सोपा नकाशा एकच वेग आणि एकच दिशा धरतो, म्हणून सिगार इतकी नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात पट्टा वाकतो, पंख्यासारखा पसरतो, मधेच तुटतो.

याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांतलं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने तिथल्या बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ ही अणुचाचणी केली. अपेक्षा होती सुमारे ६ मेगाटनांची (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढी ताकद), झाले १५. बॉम्बच्या इंधनातलं लिथियम-७ निष्क्रिय राहील असं धरलं होतं, ते राहिलं नाही. आदल्या रात्रीच्या बैठकीत वरच्या थरांतला वारा रोंगेलॅप या वस्ती असलेल्या बेटांच्या दिशेने वळत असल्याचं दिसलं होतं, तरी स्फोट केला गेला. काही तासांत रोंगेलॅपवर प्रवाळाच्या चुन्याची पांढरी भुकटी पडू लागली. मुलं त्यात खेळली. तिथल्या ६४ जणांना हलवायला दोन दिवस लागले. शेजारच्या रोंगेरिकवर २८ अमेरिकी सैनिक होते. त्यांच्याकडचं किरणोत्सार मोजायचं यंत्र ताशी १०० मिलिरोंटजेनपर्यंतच (हे त्या मोजमापाचं जुनं एकक) मोजू शकत होतं. काटा टोकाला जाऊन टेकला आणि पुढचं मोजमापच उरलं नाही. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरचे २३ खलाशीही याच भुकटीत सापडले.

अंदाजाच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रोंगेलॅप हे बेटांचं एकच कडं. त्याच्या उत्तर टोकाच्या निर्मनुष्य बेटांवर पडलेला किरणोत्सार दक्षिणेकडच्या वस्तीपेक्षा दहापटीहून जास्त होता. मधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. वस्ती उत्तरेला असती तर त्या दोन दिवसांत माणसांना प्राणघातक मात्रा मिळाली असती. कोणत्याही नकाशावर एवढासा फरक रेघेच्या जाडीत बुडून जातो. शिवाय पट्ट्याचा बहुतेक भाग समुद्रावर पडला, मोजमापं तुरळक, त्यामुळे त्याच आकड्यांवरून वेगवेगळ्या संस्थांनी नंतर काढलेले ब्राव्होचे नकाशेही एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रत्यक्ष मोजमाप हाती आलं की काम पुष्कळ सोपं होतं. विखंडनातून निघालेल्या मिश्रणाचा किरणोत्सार एका ठरावीक चालीने उतरतो: वेळ सातपट झाली की तीव्रता दहाव्या हिश्शावर. पहिल्या तासाला जे असेल त्याचा सात तासांनी दहावा भाग, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. समजा स्फोटानंतर तीन तासांनी एका चौकात ताशी १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मोजले. ते पहिल्या तासाच्या हिशोबात नेले तर सुमारे ३७० होतात, आणि दोन दिवसांनी त्याच चौकात साडेतीनच्या आसपास उरतील. वेगवेगळ्या वेळी घेतलेली मोजमापं अशी एकाच तासावर आणली की मगच नकाशावर समपातळीच्या रेषा काढता येतात. मात्र धूळ पडायची थांबल्यावरच हा नियम लावायचा. आकडा चढत असेल तर अजून पडतंय, आणि तेव्हा नियम लावणं घातक आहे.

दूरच्या फॉलआउटमध्ये खेळ पावसाच्या हातात जातो. २५ एप्रिल १९५३ला अमेरिकेतल्या नेवाडात ‘सायमन’ नावाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार किलोमीटर दूर, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरावर वादळी पाऊस कोसळला आणि तिथल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांचे गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारी यंत्रं, अचानक जास्त वाजू लागले. ढग वरून गेला म्हणून नव्हे, पावसाने तो धुऊन खाली आणला म्हणून.

त्या काळात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ठिकठिकाणी फूटभर लांबीरुंदीचे चिकट फिल्मचे चौकोन उघड्यावर ठेवले होते. २४ तास ठेवायचे, मग प्रयोगशाळेत पाठवून मोजायचे. इतकी साधी युक्ती, पण चार दशकांनी तीच उपयोगी पडली. नेवाडाच्या चाचण्यांतलं आयोडीन-१३१ कोणत्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किती पडलं, याचा हिशोब तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केला. चिकट फिल्मची ठिकाणं शंभराच्या आसपास, काउंट्या तीन हजारांवर. मधली पोकळी भरायला त्यांनी त्या त्या दिवसाच्या पावसाच्या नोंदी वापरल्या. मग गवत, गाय, दूध आणि मुलांच्या थायरॉइडपर्यंत हिशोब नेला. अशा हिशोबात एखाद्या काउंटीचा आकडा बराच चुकू शकतो, आणि त्याच्यासोबत त्याची अनिश्चितता छापणं हा मला प्रामाणिकपणाचा भाग वाटतो.

आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणून ते मागाहून मातीत सापडत नाही. सीझियम-१३७चं तीस वर्षांचं, ते सापडतं. त्यासाठी साठ-सत्तर वर्षांत नांगर न लागलेली, सपाट, पाणी न साचणारी जागा शोधायची, आणि ही शोधाशोधच सगळ्यात कठीण. पोलादी नळी ठोकून मातीचा गाभा काढायचा, त्याच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करायच्या, वाळवून चाळून डब्यात भरायच्या आणि गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरवर दिवसभर ठेवायच्या. पडद्यावर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेपाशी सीझियमचा एक बारीकसा सुळका उभा राहतो. तो मुख्यतः १९५०-६०च्या दशकांतल्या वातावरणीय चाचण्यांचा. सीझियम चिकणमातीला घट्ट धरून बसतं, त्यामुळे न हललेल्या जमिनीत अजूनही ते वरच्या वीसेक सेंटिमीटरमध्येच भेटतं. जिथे पाऊस जास्त तिथे साधारणपणे सीझियमही जास्त.

आपल्याकडचं विचाराल तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘आयर्मॉन’ नावाचं जाळं आहे. देशभर बसवलेली त्याची यंत्रं हवेतल्या गॅमा किरणांची पातळी सतत नोंदवत असतात. तुम्ही विचारलंत तसं काही खरोखर घडलं, तर पहिले खरे आकडे अशाच यंत्रांकडून येतील. तोवर मॉडेलच्या पट्ट्याचा उपयोग एवढाच: कोणत्या दिशेच्या गावांनी आधी पक्क्या भिंतींच्या घरात, शक्यतो मधल्या खोलीत किंवा तळघरात शिरायचं, आणि मोजणाऱ्या गाड्या आधी कुठे पाठवायच्या. पट्ट्याच्या बाहेर दिसणाऱ्या गावानेही मोजमाप येईपर्यंत, निदान पहिला दिवस, आतच थांबावं.