बेरीज नको, दर पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

महिला खेळाडूंच्या समान वेतनावरचं वादविवाद स्पर्धेचं तुझं भाषण वाचलं. आवेश भरपूर आहे, हिशोब कमी. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने २०१९चा विश्वचषक जिंकला, मैदानात प्रेक्षकांनी ‘समान वेतन’च्या घोषणा दिल्या, इथवर टाळ्या पडतील. मग समोरचा उठेल आणि १ मे २०२०चा न्यायालयाचा निकाल काढेल. त्याचा तुझ्या भाषणात उल्लेखच नाही.

मार्च २०१९मध्ये या संघाच्या २८ खेळाडूंनी आपल्याच देशाच्या फुटबॉल महासंघावर दावा ठोकला होता. न्यायाधीश क्लाउसनर यांनी त्यातला वेतनाचा मुद्दा फेटाळला. कारण दाव्याच्या काळात महिलांना सामन्यामागे सरासरी सुमारे २ लाख २० हजार डॉलर मिळाले होते, पुरुषांना २ लाख १२ हजार. म्हणजे महिलांनाच जास्त! गोंधळू नकोस. त्याच काळात महिलांनी दोन विश्वचषक जिंकले आणि पुरुष २०१८च्या स्पर्धेला पात्रही ठरले नाहीत. एवढं जिंकूनही फरक जेमतेम आठ हजारांचा, कारण जिंकण्याचा बोनस महिलांना कमी दराने मिळत होता. तू दरावर बोल, बेरजेवर नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य कर. पुरुषांना खेळले तरच पैसे होते; महिलांच्या करारात ठरलेला पगार आणि इतर लाभ होते, आणि तो करार त्यांच्याच संघटनेने केला होता. न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं.

खरी दरी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या बक्षिसात आहे. २०१८मध्ये विजेत्या फ्रान्सला ३ कोटी ८० लाख डॉलर, २०१९मध्ये अमेरिकेच्या महिलांना ४० लाख. ती महासंघ कशी बुजवणार? २०२२मध्ये तडजोड झाली (रक्कम २ कोटी ४० लाख), आणि नव्या करारात दोन्ही संघांच्या विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून वाटायचं ठरलं. कतारच्या २०२२च्या विश्वचषकात पुरुषांनी मिळवलेल्या पैशात महिलांचा वाटा पडला. पुरुष खेळाडूंनी त्यावर सही केली होती, हे तुझ्या भाषणात सर्वांत आधी यायला हवं. मला तर या साऱ्या प्रकरणात तेच सर्वांत विलक्षण वाटतं.

बीसीसीआयने २०२२मध्ये महिला आणि पुरुष क्रिकेटपटूंना समान मानधन जाहीर केल्याचं उदाहरण ठेव, पण तो निर्णय फक्त मॅच फीचा होता. कसोटीला दोघांनाही १५ लाख. वार्षिक करारात मात्र पुरुषांची वरची श्रेणी तेव्हा ७ कोटींची, महिलांची ५० लाखांची. हे तूच आधी सांगून टाक, समोरच्याला संधी देऊ नकोस.

नवा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव.