गोंदणाचं चित्र नेमकं कुणाचं?

हणजूण-कळंगुटला नव्याने सुई हातात घेतली असेल, तर आधी हे डोक्यात पक्कं करा: गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवतं ते चित्र त्याचं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचा पहिला मालक सहसा ती काढणारा असतो. नोकरीत, कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र मात्र, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं होतं. म्हणून स्टुडिओत रुजू होतानाच चित्रांचे हक्क कुणाकडे राहतील ते कागदावर घ्या. पोर्ट्रेटचं आणखी वेगळं: पैसे देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्क करून घेणाऱ्याकडे जातो.

गोव्यात हमखास मागणी येते ती व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांची. ते २०११ मध्ये गेले. निधनानंतर ६० वर्षं धरली तर हक्क २०७१ अखेरपर्यंत शाबूत आहे. 'थोडं बदललं की चालतं' हा समज साफ चुकीचा आहे. त्यापेक्षा देवळांच्या भिंतींवरच्या जुन्या कावी (तांबड्या मातीच्या रंगातल्या) नक्ष्या पाहा. त्या परंपरेच्या आहेत. पण दुसऱ्या कुणी आज त्यावरून रेखाटलेली शीट जशीच्या तशी उचलू नका.

स्वतःच्या चित्राचं कच्चं स्केच आणि थरांसकट मूळ फाइल तारखेनिशी जपा. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क विकायचे झाले तर लेखी करारच करा. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते.